अंकोपासक कापरेकर गुरुजी

जैन आगमांनी गणिताकडे केवळ व्यवहाराचे साधन म्हणून पाहिलेले नाही. चार अनुयोगांमध्ये गणितानुयोगाची स्वतंत्र गणना होते, आणि संख्यात, असंख्यात व अनंत असे भेद करून आचार्यांनी संख्येचा सूक्ष्म विचार केलेला आहे. अनुयोगद्वार सूत्रात गर्भज मनुष्यांची जी किमान संख्या येते, ती २९ अंकी आहे. २ हा अंक ९६ वेळा मांडून त्यांचा गुणाकार केला की ती मिळते: ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तिची ओळख किती अंकी आहे एवढ्यावरच थांबत नाही. ती ९६ वेळा निम्मी करता येते, हा तिचा गुणधर्मही तेथे नोंदविलेला आहे. शीर्षप्रहेलिका ही कालगणनेतील संख्या तर ८४ लाखांचा २८ वा घात, म्हणजे १९४ अंकी. एवढ्या प्रचंड संख्या मोजण्याच्या उपयोगी कोणाला पडणार? परंतु संख्या किती मोठी आहे यापेक्षा ती कशी वागते, हे पाहण्याची एक दृष्टी या परंपरेने दिली.

ही दृष्टी विसाव्या शतकात ज्या मराठी शिक्षकाने आयुष्यभर जपली, ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आपल्याच पालघर जिल्ह्यातील. १७ जानेवारी १९०५ रोजी त्यांचा जन्म डहाणू येथे झाला. तेव्हा डहाणू आणि वसई ही दोन्ही ठाणे जिल्ह्यात होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाला आणि वालीव व डहाणू पुन्हा एकाच नव्या जिल्ह्यात आली. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने परिसरातील थोरांचे स्मरण करताना या नावाची आठवण व्हावी, हे उचितच होय.

कापरेकरांचे बालपण सुखाचे नव्हते. वयाच्या आठव्या वर्षी मातेचे छत्र हरपले आणि संगोपनाचा भार वडिलांवर आला. वडील कारकुनी करीत. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. कुंडली मांडण्यासाठी गहन गणित लागत नसले, तरी आकडेमोड मात्र सतत करावी लागते. अंश, कला, विकला यांच्या बेरजा-वजाबाक्या पाहत वाढलेल्या या आईविना मुलाला आकड्यांची सोबत लाभली. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. तासन्‌तास आकड्यांची कोडी सोडवीत बसणे हाच त्या मुलाचा खेळ होता. पुढे १९२३ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकू लागले. रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणितातील पारितोषिक विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती कार्यासाठी दिले जात असे; १९२७ मध्ये ते कापरेकरांना मिळाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले आणि त्याच वर्षी नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून रुजू झाले. त्यापुढे पदव्युत्तर शिक्षण नाही, संशोधनासाठी मार्गदर्शक नाही, विद्यापीठाची नोकरी नाही. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ३३ वर्षे त्यांनी देवळालीतच शिकविले.

देवळाली हे गाव मुंबई-वसईकडील जैन कुटुंबांना हवापालटाचे ठिकाण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. तेथील सॅनिटोरियममध्ये उन्हाळ्याचे दिवस काढून आलेल्या कित्येकांच्या वाटेवरून हे गुरुजी शाळेत गेले असतील. परंतु लष्करी छावणीच्या त्या शांत गावात जागतिक गणितात आपले नाव उमटविणारा एक माणूस राहतो, याची वार्ता त्या काळी फारशी कोणाला नव्हती.

त्यांच्या अंकशोधाची पहिली ठळक खूण एका रेल्वे स्थानकाच्या नावाने राहिली आहे. १९२३ च्या सुमारास, विद्यार्थिदशेत, त्या काळच्या जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील डेम्लो नावाच्या स्थानकात गाडी बदलण्यासाठी थांबले असता त्यांच्या मनात काही विशिष्ट संख्यांचा विचार आला. हे डेम्लो म्हणजे आजचे डोंबिवली मानले जाते. वसई रोडहून कामण, भिवंडी मार्गे दिव्याकडे जाणारी गाडी ज्या कोपर स्थानकावरून जाते, त्याच्या अगदी शेजारचे हे स्थानक. कापरेकरांनी त्या संख्यांना डेम्लो संख्या असेच नाव दिले आणि त्यांवरील लेख १९३८ मध्ये मॅथेमॅटिक्स स्टुडंट या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांतील सर्वांत देखणा प्रकार असा: ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. असे करीत नऊ एकांपर्यंत गेले की १२३४५६७८९८७६५४३२१ ही १७ अंकी संख्या येते. एकापासून नवापर्यंत चढत जाणारी आणि पुन्हा एकावर उतरणारी. दहा एक घेतले की हातचा येतो आणि हा सुबक डोलारा मोडतो.

येथे थोडे मागे, जवळजवळ अकराशे वर्षे मागे, जाणे आवश्यक आहे. इ.स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात, महावीराचार्य या दिगंबर जैन गणितज्ञांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. उत्तर कोकणात त्या वेळी राष्ट्रकूटांचे मांडलिक शिलाहार राज्य करीत होते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत अमोघवर्षाचे नाव आजही वाचता येते. म्हणजे सोपारा, वालीव हा सारा परिसर त्याच सत्तेच्या छत्राखाली होता. ग्रंथाच्या आरंभी भगवान महावीरांना वंदन आहे, आणि गुणाकाराच्या प्रकरणात आचार्यांनी अशी काही उदाहरणे घातली आहेत की त्यांचे उत्तर गळ्यातील हारासारखे दोन्ही बाजूंनी सारखे दिसावे. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा, असे एक उदाहरण आहे. उत्तर येते १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढत जाऊन क्रमाने उतरणारी संख्या! ही तर १११११११ नव्हे, १११११ नव्हे, नेमकी सहा एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११ पुढे आणखी एक १ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग. कापरेकरांच्या डेम्लो मालिकेतील सहावा मणी. दुसऱ्या एका उदाहरणात १४२८५७१४३ ला ७ ने गुणले असता १००००००००१ मिळते.

गुणाकार शिकविण्यासाठी एवढा खटाटोप करण्याचे आचार्यांना काही कारण नव्हते. कोणतीही दोन संख्या दिल्या असत्या तरी विद्यार्थ्याचा सराव झालाच असता. उत्तर सुंदर यावे, गुणाकार करणाऱ्याला अखेरीस आश्चर्याचा आनंद मिळावा, ही त्यामागील दृष्टी होती. कापरेकर गुरुजींचे देवळालीच्या वर्गातील अध्यापनही याच जातीचे होते. आकड्यांच्या गमतीजमती सांगून ते मुलांना गणिताकडे ओढून घेत, आणि त्यांच्या या आगळ्या पद्धतीविषयी बोलण्यासाठी आसपासची महाविद्यालये त्यांना निमंत्रण देत.

गुरुजींच्या संशोधनात आकडेमोडीचा एक विशिष्ट बाज दिसतो. संख्या घ्यायची, तिचे अंक सुटे करायचे, ते निराळ्या प्रकारे जोडायचे आणि काय होते ते पाहायचे. उदाहरणार्थ, ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन भाग करून २० आणि २५ मिळविले की पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ यांची बेरीज २९७. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. महावीराचार्यांच्या उदाहरणातील १४२८५७ हे अंकही याच कुळातले: १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ व १२२४४९ यांची बेरीज १४२८५७.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला त्यांनी हर्षद, म्हणजे हर्ष देणारी, असे संस्कृत नाव ठेवले. ते नाव आज जगभर रूढ आहे. २४ च्या अंकांची बेरीज ६, आणि ६ ने २४ ला भाग जातो. ६३, ८४ आणि १०८ यांचेही तसेच. तीर्थंकरांची संख्या, शलाकापुरुषांची संख्या, चौऱ्याऐंशी लक्ष योनींतील ८४ आणि जपमाळेचे मणी या सर्व हर्षद संख्या निघाव्यात, हे पाठशाळेतील मुलांना मौजेचे वाटेल. मात्र त्यातून गूढार्थ काढण्याचा मोह टाळलेला बरा. १४ गुणस्थाने आणि नवकार मंत्राची ६८ अक्षरे या कसोटीला उतरत नाहीत, आणि त्यामुळे त्यांचे माहात्म्य तिळभरही उणे होत नाही.

१९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत कापरेकरांनी जो शोध मांडला, त्याने त्यांचे नाव पुढे अजरामर केले. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक एकच नसावेत, एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावे, मग चढत्या क्रमाने मांडावे, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करावी. अधिकाधिक सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि तेथेच क्रिया स्थिर होते, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च उरते. गुरुजींचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४ अशा पूर्ण सात पायऱ्या लागतात. पालघर जिल्हा झाला ते २०१४ हे वर्ष ४०८६ वरून ८१७२ वर येते आणि पुढचा मार्ग तोच.

हे असे का व्हावे? यात चमत्कार नाही. साधी बीजगणिती जाणीव पुरेशी आहे. चार अंक उतरत्या क्रमाने मांडले असता पहिल्या व शेवटच्या अंकातील फरकाला ९९९ ने आणि मधल्या दोहोंच्या फरकाला ९० ने गुणून बेरीज केली की वजाबाकीचे उत्तर मिळते. म्हणजे मूळ चार अंक कोणते होते याला महत्त्व उरत नाही, फक्त दोन फरकांना उरते. अशा फरकांच्या जोड्या अवघ्या ५४ होतात. सुरुवातीच्या शून्यांसह धरलेल्या ९,९९० संख्या पहिल्याच पायरीला ५४ उत्तरांत सामावतात, आणि त्या ५४ वाटा ज्याला धीर आहे त्याला एका दुपारी तपासता येतात. गुरुजींपाशी धीराची वाण कधीच नव्हती. पुढे १९५५ मध्ये स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या अमेरिकन नियतकालिकाने त्यांचे ६१७४ वरील टिपण छापले.

एवढे सारे असूनही देशातील अनेक गणितज्ञ त्यांच्याकडे पाहून हसत. शाळामास्तरांचा आकड्यांचा खेळ, यापलीकडे त्या कामाला किंमत द्यावी असे त्यांना वाटत नव्हते. प्रतिष्ठित नियतकालिके लेख घेत नसत, तेव्हा गुरुजी स्वखर्चाने पुस्तिका छापून घेत. देवळाली येथून लेखकाने स्वतः प्रकाशित केल्याची नोंद त्यांच्या कित्येक पुस्तिकांवर आहे. शिक्षकाच्या पगारात संसार चालवून छपाईचे पैसे काढणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

न्यायाने सांगावयाचे तर हसणाऱ्यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. ६१७४ चे वैशिष्ट्य आपण दहा अंकांच्या पद्धतीने लिहितो म्हणून आहे. हीच संख्या आठ किंवा बारा अंकांच्या पद्धतीने लिहिली तर हे तेज मावळते. संख्येचा खरा धर्म तिच्या लेखनपद्धतीवर अवलंबून नसावा, असे शुद्ध गणित मानते. मूळ संख्या कोणत्याही पद्धतीने लिहा, ती मूळच राहते. या कसोटीवर कापरेकरांचे बरेचसे शोध किरकोळ ठरतात. परंतु लिहिलेल्या संख्येचे वर्तन हाही एक अभ्यासविषय होऊ शकतो, त्यालाही नियम असतात आणि ते सिद्ध करणे कधी कधी अतिशय कठीण असते, हे त्या आक्षेपकांच्या ध्यानात आले नाही. त्याचा पुरावा पुढे मिळाला, पण तो पाहण्यास गुरुजी राहिले नाहीत.

तो पुरावा ज्या संख्येशी निगडित आहे तिच्याकडे आता वळू. कापरेकरांनी एक सोपी क्रिया मांडली: संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. ४७ मध्ये ४ आणि ७ मिळविले की ५८ होतात. म्हणून ४७ ही ५८ ची जनक संख्या. परंतु काही संख्यांना जनकच नसतो. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ या त्यांतल्या पहिल्या काही. कोणतीही संख्या घेऊन ही क्रिया केली तरी उत्तर २० येत नाही. या स्वयंभू संख्यांना त्यांच्या गावावरून देवळाली संख्या असेही म्हटले जाते. १९६३ मध्ये गुरुजींनी त्यांवर पुस्तिका प्रसिद्ध केली. गंमत अशी की, १९७४ मध्ये बर्नार्डो रेकामान या कोलंबियातील गणितज्ञाने हाच प्रश्न एका अमेरिकन नियतकालिकात मांडला आणि पाश्चात्त्य जगात त्यांना कोलंबियन संख्या हे नाव पडले. दोन्ही नावे आजतागायत चालतात. देवळालीतून छापलेल्या पुस्तिका किती दूर पोहोचत असत, याची कल्पना यावरून यावी.

याच्या उलट, काही संख्यांना एकाहून अधिक जनक असतात. १०१ ही त्यांतली सर्वांत लहान. ९१ मध्ये ९ व १ मिळवा, १०१. आणि १०० मध्ये १ मिळवा, तरी १०१. दोन वाटा जेथे मिळतात अशा या संगम संख्या. मग तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या कोणती? शंभराच्या जवळपास सुरू झालेला हा शोध एकदम १ वर १३ शून्ये देऊन त्यात १ मिळविलेल्या संख्येपाशी जाऊन थांबतो. महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात एक, दश, शत, सहस्र येथपासून महाक्षोभापर्यंत २४ स्थानांना नावे दिली आहेत. त्यांच्या परिभाषेत ही संख्या एक महाखर्व आणि एक. तिचा पहिला जनक स्वतः महाखर्व. दुसरा जनक ११ नवांपुढे ०१ लिहून होणारी संख्या. ती महाखर्वाहून ९९ ने लहान आणि तिच्या अंकांची बेरीज १००. तिसरा जनक १० नवांपुढे ८९२ लिहून होणारा. तो १०८ ने लहान आणि त्याच्या अंकांची बेरीज १०९. दोन्ही ठिकाणी बेरीज उणीव भरून काढून एकाने पुढे जाते.

आणि चार जनक? ७ जून १९६१ रोजी, निवृत्तीला एक वर्ष उरले असताना, कापरेकरांना ती संख्या सापडली. ती २५ अंकी आहे: १ नंतर २१ शून्ये आणि शेवटी १०२. महावीराचार्यांनी नाव दिलेली २४ स्थाने ओलांडून ती एक घर पुढे जाते. तिच्या पहिल्या अंकाच्या स्थानाला त्या ग्रंथात नाव नाही. तिचे चार जनक १ वर २४ शून्ये असलेल्या संख्येच्या दोन्ही अंगांना बसलेले आहेत. वरच्या अंगाला दोन: एक ९१ ने मोठा, ज्याच्या अंकांची बेरीज ११, दुसरा १०० ने मोठा, ज्याची बेरीज २. खालच्या अंगाला दोन: एक ९८ ने लहान, ज्याची बेरीज २००, दुसरा १०७ ने लहान, ज्याची बेरीज २०९. चारही वाटांनी १०२ च येतात. ताळा कोणीही करून पाहावा.

ही रचना चाचपडून हाती लागलेली नाही, हे तिच्याकडे बारकाईने पाहिले की कळते. वरच्या दोन जनकांच्या मुळाशी १०१ आहे, जिला दोन जनक आहेत. खालच्या दोहोंच्या मुळाशी ११३ आहे. तिलाही ९७ आणि १०६ असे दोन जनक आहेत. या दोन जोड्यांची एका जागी सांगड बसवायची, तर मधल्या नवांची बेरीज नेमकी २१६ भरावी लागते, आणि २१६ म्हणजे २४ नऊ. म्हणून २४ शून्ये. एक कमी नाही, एक अधिक नाही. संगणक नसलेल्या घरात, कागद-पेन्सिलीने, हा हिशेब जमलेला आहे. वालीवच्या औद्योगिक वसाहतीत रोज कोट्यवधींचे हिशेब होतात आणि दिवसाअखेर रोकड जुळली की वही मिटते. गुरुजींच्या या हिशेबात जमेच्या बाजूला एक पैसाही नव्हता. जुळणे हीच जमा.

मात्र ही संख्या चार जनकांची आहे हे दाखविणे निराळे आणि तिच्याहून लहान अशी दुसरी नाही हे सिद्ध करणे निराळे. दुसरी गोष्ट कापरेकरांनी अनुमानाने मांडली; तिची सिद्धता तेव्हा झाली नाही.

१९६२ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, ते निवृत्त झाले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. राहणी अत्यंत साधी असूनही निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयात त्यांना गणित व विज्ञानाच्या खाजगी शिकवण्या कराव्या लागल्या. तरीही लेखन थांबले नाही. जादूचे चौरस, आवर्ती दशांश अपूर्णांक, अंकांची उलटापालट अशा विषयांवर ते लिहीत राहिले. कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीच्या सुमारास त्याच्या स्मरणार्थ त्यांनी एक जादूचा चौरसही रचला.

मग मार्च १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील आपल्या लोकप्रिय सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्यांविषयी विस्ताराने लिहिले. गार्डनर यांचे सदर जगभरचे गणितज्ञ आणि गणितप्रेमी वाचत. सत्तरी गाठलेल्या देवळालीच्या निवृत्त मास्तरांचे नाव एका महिन्यात अमेरिका, युरोप आणि जपानपर्यंत पोहोचले. ज्यांनी आयुष्यभर दुर्लक्ष केले, त्यांनाही मग दखल घ्यावी लागली. परदेशाने मान डोलावल्याखेरीज घरच्या माणसाची ओळख न पटण्याचा आपला जुना परिपाठ येथेही चुकला नाही. १९८६ मध्ये गुरुजींचे देवळाली येथे निधन झाले. १९८६ ही संख्या घेऊन त्यांची क्रिया केली तर पहिल्याच पायरीला ८१७२ येते. १९०५ पासून निघालेली वाट दुसऱ्या पायरीला जेथे पोहोचते, तीच ही संख्या, आणि तेथून पुढे दोन्ही वाटा एकत्रच ६१७४ कडे जातात.

संगम संख्यांचा प्रश्न त्यांच्यामागे जिवंत राहिला. त्यांच्या हयातीतच, १९६६ मध्ये, ए. नरसिंह राव यांनी पाच जनक असलेली एक संख्या शोधून काढली होती. तिच्यात १ नंतर इतकी शून्ये येतात की एकूण अंक एक लाख अकरा हजार एकशे अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार एकशे पंचवीस भरतात. सेकंदाला एक अंक या गतीने ती लिहू गेल्यास ३५ हजार वर्षांहून अधिक काळ लागेल. तिचाही शेवट १०२ नेच होतो. यापेक्षा लहान संख्येला पाच जनक असू शकतील काय, आणि कापरेकरांच्या २५ अंकी संख्येखाली चार जनकांची दुसरी एखादी दडलेली असेल काय, हे प्रश्न पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तसेच राहिले.

२०२१ च्या अखेरीस मॅक्स अलेक्सेयेव्ह, डोनोवन जॉन्सन आणि नील स्लोन या तीन गणितज्ञांनी कापरेकरांच्या संगम संख्यांवर शोधनिबंध सादर केला. त्यांनी कोणत्याही अंकपद्धतीत अशा संख्या काढण्याची रीत दिली. म्हणजे दहाच्या पद्धतीपुरता खेळ हा जुना आक्षेपही येथे गळून पडला. त्याच रीतीने त्यांनी सिद्ध केले की, तीन जनकांसाठी एक महाखर्व आणि एक, पाच जनकांसाठी नरसिंह रावांची संख्या, आणि चार जनकांसाठी १ नंतर २१ शून्ये व १०२ हीच सर्वांत लहान संख्या होय. गुरुजींनी ती मांडल्याला तेव्हा ६० वर्षे झाली होती, आणि त्यांना जाऊन ३५.